भूकंप किती खोल झाला, हे दाखवणारा नकाशा ब्राउझरमध्ये कसा करायचा

मी भूगोल शिकवते. भूकंपाच्या धड्याला भिंतीवर जगाचा नकाशा लावायचा आणि पॅसिफिक महासागराभोवतीचं अग्निकंकण बोटाने दाखवायचं, हे मी कित्येक वर्षं केलं. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, हे सगळे ठिपके एकाच खोलीवरचे आहेत का?" नाहीत. काही भूकंप जमिनीखाली दहा किलोमीटरवर होतात, काही सहाशे किलोमीटरवर. हे मी तिला सांगितलं, पण सांगणं आणि दिसणं यात फरक असतो. कागदी नकाशाला तिच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. त्यासाठी हाताने हलवता येईल, गाळता येईल असा नकाशा हवा होता, म्हणून मी तो करायला शिकले. माझ्यासारख्या कुणालाही तो करता यावा म्हणून सगळी वाट इथे लिहिते आहे.

कोड लिहायला बसण्याआधी एक काम करा. तुमचा नकाशा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, ते एका वाक्यात लिहून समोर ठेवा. माझं वाक्य होतं: "सागरी गर्तेपासून आत जावं तशी भूकंपाची नाभी (जमिनीखाली तो सुरू होतो ती जागा) खोल जाते का?" रंग कशाला द्यायचा, कोणती माहिती घ्यायची, मागे काय दाखवायचं, या सगळ्याचा निवाडा मी पुढे याच वाक्यावर केला. प्रश्न ठरलेला नसेल तर नकाशावर बटणं वाढत जातात आणि बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

हत्यारं कोणती

थोडं एचटीएमएल, थोडं सीएसएस आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख एवढं पुरतं. नकाशासाठी मी लीफलेट वापरते. व्होलोदिमिर अगाफोन्किन या युक्रेनियन प्रोग्रामरने ही मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, २०११ मध्ये प्रसिद्ध केली. दाबून पाठवल्यावर तिचं जावास्क्रिप्ट जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोबाइट भरतं, आणि साध्या फोनवर, मंद जोडणीवर त्याचा फार उपयोग होतो. ओपनलेयर्स तिच्याहून जुनी आणि जास्त ताकदीची आहे. वेगवेगळी प्रक्षेपणं (गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धती) हवी असतील तर तिकडे जा. नकाशा तिरका करून फिरवायचा असेल, लाखो आकृत्या काढायच्या असतील तर मॅपलिब्रे घ्या. पण काही हजार ठिपके आणि एक प्रश्न एवढंच काम असेल तर लीफलेट पुरेशी आहे.

आवृत्तीकडे मात्र लक्ष द्या. खाली जे सांगते आहे ते १.९ मालिकेला धरून आहे. २०२५ मध्ये २.० ची चाचणी आवृत्ती आली आणि तिच्यात लिहिण्याची पद्धत बदलली आहे. एका आवृत्तीचं उदाहरण दुसरीत चिकटवलंत तर नकाशा उघडणारच नाही. आणखी एक गोष्ट: इथे मी आज्ञांची नावं देवनागरीत लिहिते आहे, तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

पहिला नकाशा

एक फोल्डर करा. त्यात एचटीएमएलची एक फाइल, सीएसएसची एक, जावास्क्रिप्टची एक. एचटीएमएलच्या डोक्यात आधी लीफलेटचं सीएसएस जोडा. ते विसरलं तर नकाशाचे तुकडे पानभर विखुरतात. नंतर लीफलेटचं जावास्क्रिप्ट आणि शेवटी तुमचं. पानात एक रिकामा डिव्ह ठेवा आणि त्याला आयडी द्या.

आता सगळ्यांना अडवणारी जागा: त्या डिव्हला सीएसएसमध्ये उंची द्यावीच लागते. उंची दिली नाही तर ती शून्य धरली जाते. नकाशा तयार होतो, कुठेही चूक दाखवली जात नाही आणि पडद्यावर काहीच नसतं. मी अख्खी संध्याकाळ जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसले होते. पडद्याच्या उंचीच्या सत्तर टक्के उंची दिली आणि समुद्र दिसू लागला. याच जातीचा दुसरा त्रास म्हणजे नकाशा एखाद्या लपलेल्या टॅबमध्ये तयार होतो आणि टॅब उघडल्यावर अर्धाच भरलेला दिसतो. तेव्हा इनव्हॅलिडेटसाइझ ही आज्ञा द्या, म्हणजे लीफलेट तो डिव्ह पुन्हा मोजून घेते.

जावास्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एल.मॅप या आज्ञेला डिव्हचा आयडी द्या आणि सेटव्ह्यूने मध्यबिंदू व झूम ठरवा. मध्यबिंदू म्हणून मी अक्षांश ०, रेखांश १८० देते आणि झूम २. रेखांश १८० का, ते पुढे येईल. दुसऱ्या ओळीत एल.टाइललेयरने पार्श्वभूमी जोडा.

टाइल म्हणजे काय हे एकदा नीट समजून घ्या, पुढे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. ऑनलाइन नकाशा बहुधा २५६ पिक्सेलच्या चौकोनी फरशांचा बनलेला असतो. झूम शून्यावर सगळं जग एका फरशीत मावतं. झूम १ वर चार फरशा, झूम २ वर सोळा, आणि प्रत्येक पायरीला चौपट. झूम १८ ला हा आकडा ६,८७१ कोटींच्या पुढे जातो. ब्राउझर त्यातल्या फक्त समोर दिसणाऱ्या दहा-वीस फरशा मागवतो. टाइलच्या पत्त्यात झेड, एक्स आणि वाय अशा तीन रिकाम्या जागा असतात: झूम, स्तंभ आणि ओळ. त्या लीफलेट भरते.

सुरुवातीला ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल घ्या. हा लोकांनी मिळून केलेला नकाशा २००४ पासून वाढतो आहे. त्याच्या सर्व्हरचे नियम पाळा: टाइल घाऊक उतरवून ठेवायच्या नाहीत, आणि नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय दिसलंच पाहिजे. ते श्रेय ही परवान्याची अट आहे. कुणी दिसायला बरं म्हणून ती ओळ काढून टाकतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या ओळीमागे रस्त्यारस्त्याने चालून नोंदी केलेली माणसं आहेत.

झूमला वरची मर्यादा घाला. मी मॅक्सझूम ८ ठेवते. झूम ८ ला विषुववृत्तावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६०० मीटर. भूकंपाच्या अपिकेंद्राच्या (नाभीच्या सरळ वर जमिनीवर असलेल्या जागेच्या) स्थानातच कित्येकदा काही किलोमीटरची अनिश्चितता असते. घराच्या छपरापर्यंत झूम करू दिलं तर ठिपका एखाद्या गल्लीत ठामपणे बसलेला दिसतो, आणि तो ठामपणा खोटा असतो.

फाइलवर दोनदा टिचकी मारून पान उघडू नका. तसं केलं तर ब्राउझर तुमच्याच फोल्डरातली माहितीची फाइल वाचायला नकार देतो. संगणकावर पायथन ही भाषा असेल तर त्या फोल्डरमध्ये टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडून त्याचा छोटा एचटीटीपी सर्व्हर चालू करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं, म्हणजे तुमच्याच संगणकाचं, ८००० क्रमांकाचं पोर्ट उघडा.

माहिती कुठून, आणि तिच्यावर किती भरवसा

अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, म्हणजे यूएसजीएस, जगभरातल्या भूकंपांची यादी जिओजेसन या, नकाशावरच्या जागा मजकुरात लिहिण्याच्या स्वरूपात मोफत देते. गेला तास, गेला दिवस, सात दिवस, तीस दिवस असे संच आहेत आणि प्रत्येकात महत्तेनुसार (भूकंप किती मोठा, ते सांगणाऱ्या आकड्यानुसार) गाळलेली यादी मिळते. चावी (सेवा वापरायला द्यावा लागणारा संकेत) लागत नाही, नोंदणी लागत नाही. जावास्क्रिप्टच्या फेच या माहिती मागवणाऱ्या आज्ञेला यादीचा पत्ता द्यायचा, उत्तर जेसन म्हणून वाचायचं आणि एल.जिओजेसनच्या हाती सोपवायचं. तीन ओळींचं काम.

पण कोणती यादी? मी आधी "सगळे भूकंप" घेतले. नकाशावर कॅलिफोर्निया, अलास्का, हवाई ठिपक्यांनी भरून गेले आणि बाकीचं जग जवळजवळ शांत दिसलं. पृथ्वी तशी नाही. त्या संस्थेची भूकंपमापकांची जाळी अमेरिकेत दाट आहे, त्यामुळे तिथले बारीक धक्केही यादीत येतात. दूरच्या देशांतले तेवढेच धक्के येत नाहीत. ४.५ आणि त्याहून मोठ्या महत्तेची यादी घेतली की जगाचं चित्र सारखं होतं. कुठलीही माहिती नकाशावर टाकण्याआधी विचारा: इथे ठिपका नाही, म्हणजे घटना नाही, की फक्त नोंद नाही? माझ्या मते नकाशा करणाऱ्याचं सगळ्यात मोठं उत्तरदायित्व हेच आहे.

आता निर्देशांकांचा क्रम. जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. आरएफसी ७९४६ या २०१६ च्या मानकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. लीफलेटच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये मात्र आधी अक्षांश, मग रेखांश, जसं आपण बोलतो तसं. एल.जिओजेसन ही अदलाबदल स्वतः करते. पण तुम्ही हाताने ठिपके काढायला गेलात की फसता. टोकियोचा अक्षांश ३५.७ आणि रेखांश १३९.७ आहे. उलटं दिलंत तर अक्षांश १३९.७ होतो, असा अक्षांश पृथ्वीवर नाही, आणि ठिपका गायब. ही चूक निदान लक्षात तरी येते. दोन्ही आकडे ९० च्या आत असतील तर ठिपका गुपचूप भलत्याच देशात जाऊन बसतो. म्हणून सवय लावून घ्या: माहिती जोडली की आधी ओळखीच्या एका ठिकाणाचा ठिपका तपासायचा.

या यादीत निर्देशांकांचा तिसरा आकडा असतो, आणि तोच माझ्या प्रश्नाचा जीव: खोली, किलोमीटरमध्ये. जिओजेसनच्या मानकात तिसरा आकडा उंचीसाठी आहे, इथे मात्र तो खाली मोजलेला आहे. मोठा आकडा म्हणजे जास्त खोल.

रंग दिल्यावर लगेच एक गोष्ट दिसली. कितीतरी भूकंप बरोबर १० किलोमीटर खोल होते, अगदी १०, ना थोडे कमी ना जास्त. जवळ पुरेशी मापकं नसली आणि उथळ भूकंपाची खोली नीट ठरवता आली नाही, की तिथे १० हा ठरावीक आकडा धरला जातो. जुन्या नोंदींत तसाच ३३ भेटतो. हे मी नकाशाच्या पॉपअपमध्येच (ठिपक्यावर टिचकी मारली की उघडणाऱ्या चौकटीत) लिहिलं आहे: खोली बरोबर १० असेल तर "खोली अंदाजे धरलेली असू शकते" अशी ओळ येते. इफ लावून एक वाक्य जोडायचं, इतकं सोपं आहे ते.

ठिपके: आकार आणि रंग

एल.जिओजेसनला पॉइंटटूलेयर नावाचं फलन देता येतं. प्रत्येक भूकंपासाठी ते एकदा चालतं. त्यातून एल.सर्कलमार्कर परत करा. एल.सर्कल नको, कारण त्याची त्रिज्या मीटरमध्ये असते आणि झूम केलं की वर्तुळ फुगतं. शिवाय बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या भागाला धक्का बसला. सर्कलमार्करची त्रिज्या पिक्सेलमध्ये असते, ती झूम बदलला तरी तशीच राहते.

महत्तेची मोजपट्टी लॉगरिदमची आहे. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. मी आधी प्रामाणिकपणाने वर्तुळाचं क्षेत्रफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवलं. त्यासाठी त्रिज्या प्रत्येक अंकाला सुमारे ५.६ पट करावी लागते. ४.५ ला दोन पिक्सेल दिले तर ७.५ ला साडेतीनशे पिक्सेल येतात आणि एक वर्तुळ अख्खा महासागर गिळतं. शेवटी ४.५ ला तीन पिक्सेल आणि पुढे प्रत्येक अंकाला १.६ पट असं ठेवलं. ७.५ ला साधारण बारा पिक्सेल होतात. मग नकाशाच्या खुणांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीत स्पष्ट लिहिलं की आकार महत्तेचा क्रम दाखवतो, ऊर्जा नाही. ठिपके काढण्याआधी यादी महत्तेने उतरत्या क्रमाने लावून घ्या, म्हणजे मोठी वर्तुळं खाली जातात आणि लहान त्यांच्यावर दिसतात.

रंग माझ्या प्रश्नासाठी आकाराहून महत्त्वाचा. भूगोलात उथळ भूकंप ७० किलोमीटरपर्यंत, मध्यम ३०० पर्यंत आणि खोल त्याखाली सुमारे ७०० पर्यंत, असे तीन गट करतात. तेच तीन रंग घेतले: उथळाला पिवळा, मध्यमाला हिरवट निळा, खोलाला गडद जांभळा. लाल-हिरवा जोड टाळला, कारण वर्गात दोन मुलांना तो वेगळा दिसत नव्हता. पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत जाताना रंग गडद होत जातो, त्यामुळे कृष्णधवल छापलं तरी क्रम टिकतो.

पॉपअपसाठी एल.जिओजेसनच्या ऑनईचफीचर या पर्यायात बाइंडपॉपअप ही आज्ञा द्या. ठिकाण, महत्ता, खोली, वेळ. वेळ मिलिसेकंदांत येते. तिची जावास्क्रिप्टची तारीख करून टूलोकेलस्ट्रिंगला मराठीचा संकेत दिला की तारीख मराठीत आणि अंक देवनागरीत मिळतात. मुलांना हे फार आवडलं. मलाही. फक्त ती वेळ बघणाऱ्याच्या घड्याळाची असते, भूकंप झाला तिथली नव्हे. तसं शेजारी लिहा.

पॅसिफिक एकसंध कसा करायचा

नेहमीचा नकाशा १८० रेखांशावर फाटलेला असतो. माझ्या प्रश्नाला नेमकी तीच जागा मध्ये हवी: टोंगा, फिजी, कामचट्का, अलूशियन बेटं. फाटलेल्या नकाशावर टोंगाची गर्ता डाव्या टोकाला आणि तिचे काही खोल भूकंप उजव्या टोकाला जातात. उत्तरच दोन तुकड्यांत.

ठिपक्यांचा उपाय सोपा आहे. एल.जिओजेसनच्या कोऑर्ड्सटूलॅटलंग या पर्यायात, रेखांश ऋण असेल तर त्यात ३६० मिळवा. पश्चिम १७५ म्हणजे उणे १७५, त्याचा झाला १८५, आणि ठिपका नकाशाच्या मध्यावर आला.

रेषांना ही युक्ती चालत नाही. भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यांच्या, सीमांसाठी मी भूवैज्ञानिक पीटर बर्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला संच वापरते. त्यात ५२ पट्ट आहेत आणि जिओजेसनमध्येही तो मिळतो. शून्य रेखांश ओलांडणाऱ्या रेषेत एक बिंदू उणे १ चा आणि पुढचा १ चा असेल, तर ३६० मिळवल्यावर ते ३५९ आणि १ होतात आणि रेषा सबंध जगावरून आडवी धावते. म्हणून रेषा दोनदा काढा: एकदा आहे तशा, एकदा प्रत्येक रेखांशात ३६० मिळवून. लागेल ती प्रत दिसते, दुसरी कडेला राहते.

इथवर आल्यावर मी टाइल काढूनच टाकल्या. रस्ते, शहरं, दहा लिप्यांतली नावं, यातलं काहीच माझ्या प्रश्नाला लागत नव्हतं. नॅचरल अर्थ या सार्वजनिक मालकीच्या संचातून १:११० दशलक्ष प्रमाणाची फक्त जमीन घेतली, देशांच्या सीमांशिवाय. फाइल शेपफाइल स्वरूपात येते. मॅपशेपर हे ब्राउझरमधलंच साधन तिचं जिओजेसन करून देतं, आणि मोठी असेल तर रेषा सोप्याही करतं. निर्देशांकांत दशांशानंतर दोन-तीन अंक ठेवले तरी जगाच्या नकाशाला पुष्कळ होतात. पाच अंक म्हणजे सुमारे एक मीटर, तेवढं इथे कोण बघणार? जमीनही दोनदा काढा, रेषांसारखीच. फिकट राखाडी रंग द्या. आता ठिपके बोलू लागतात, आणि नकाशा इंटरनेटशिवायही उघडतो. भूकंपांची एक जतन केलेली फाइल फोल्डरमध्ये ठेवा. फेच फसला तर ती वाचा आणि वर तिची तारीख दाखवा.

सरकपट्टी

नकाशाखाली रेंज प्रकारचं एक इनपुट ठेवा, ० ते ७०० किलोमीटर, पायरी १० ची. त्याच्या इनपुट या घटनेवर, ठरलेल्या खोलीपेक्षा उथळ असलेले भूकंप लपवा. दर हालचालीला माहिती पुन्हा मागवू नका. सगळे मार्कर एकदाच करून एका यादीत ठेवा आणि लेयरग्रुपमध्ये (लीफलेटच्या ठिपक्यांच्या गटात) फक्त घाला किंवा काढा. ठिपके हजारांच्या घरात जाणार असतील तर नकाशा तयार करतानाच प्रेफरकॅनव्हास चालू करा, म्हणजे सगळे ठिपके कॅनव्हास या एकाच चित्रफलकावर काढले जातात. जुने भूकंप हवे असतील तर त्याच संस्थेची शोधसेवा वर्ष आणि महत्ता सांगून यादी देते. एका मागणीला कमाल २०,००० नोंदी मिळतात, म्हणून वर्षावर्षाने मागवा.

पाच-दहा वर्षांची माहिती भरा, टोंगाकडे जा आणि पट्टी हळूहळू उजवीकडे ओढा. गर्तेजवळचे पिवळे ठिपके आधी जातात. मग त्यांच्या पश्चिमेचे हिरवट निळे. शेवटी फिजीच्या बाजूला जांभळे उरतात, ५००-६०० किलोमीटर खोल. पॅसिफिकचा पट्ट पश्चिमेकडे तिरका खाली चालला आहे, तो असा डोळ्यांसमोर उतरतो. १९२८ मध्ये जपानी भूकंपशास्त्रज्ञ किओ वादाती यांनी जपानमधल्या नोंदी तपासून खोल भूकंप खरोखर होतात हे दाखवून दिलं. अशा उताराच्या पट्ट्याला आज वादाती-बेनिऑफ क्षेत्र म्हणतात. दक्षिण अमेरिकेत हाच उतार उलट, पूर्वेकडे अँडीजखाली जाताना दिसतो. आणि ओखोत्स्क समुद्राखाली २४ मे २०१३ चा ८.३ महत्तेचा भूकंप शोधा: खोली सुमारे ६०० किलोमीटर.

इथे एक सावधगिरी. वेब मर्केटर या, लीफलेट नेहमी वापरते त्या प्रक्षेपणात ६० अक्षांशावर अंतर दुप्पट दिसतं. टोंगाचा उतार आणि कामचट्काचा उतार नुसत्या नजरेने मोजून तुलना करू नका. गर्तेपासूनचं अंतर लीफलेटच्या डिस्टन्सटू या आज्ञेने काढा, ती गोलावरचं अंतर देते.

फोनवर आणि नकाशाशिवाय

तीन पिक्सेलच्या ठिपक्यावर अंगठा बसत नाही. कॅनव्हासला टॉलरन्स नावाचा पर्याय आहे, त्याला आठ-दहा पिक्सेल द्या, म्हणजे जवळपास टेकलं तरी ठिपका पकडला जातो. लांब पानात नकाशा असेल तर स्क्रोलव्हीलझूम बंद ठेवा, नाहीतर माउसच्या चाकाने पान खाली सरकवणारा माणूस नकाशात अडकतो.

नकाशाखाली त्याच माहितीचा तक्ता द्या: ठिकाण, महत्ता, खोली, वेळ. ज्यांना पडदा दिसत नाही ते पान ऐकून वाचतात, आणि ठिपक्यांचा नकाशा त्यांना ऐकू येत नाही. तक्ता करायला मला अर्धा तास लागला. तक्त्यातल्या ओळीतलं बटण दाबलं की नकाशा त्या भूकंपाकडे सरकतो आणि पॉपअप उघडतो, एवढी सोय केल्यावर डोळस मुलंही तोच जास्त वापरू लागली.

हे सगळं साध्या फायलींचं काम आहे. सर्व्हरवर काही चालवावं लागत नाही, त्यामुळे गिटहब पेजेससारख्या मोफत जागेवर फोल्डर चढवलं की पत्ता मिळतो. पुढे चावी लागणारी टाइलसेवा घेतलीत, तर ती चावी ब्राउझरमध्ये सगळ्यांना दिसते हे लक्षात ठेवा आणि सेवेच्या खात्यात जाऊन ती फक्त तुमच्या पत्त्यापुरती बांधून घ्या. भूकंपांची यादी दर मिनिटाला ताजी होते, पण पान उघडं असताना पाच मिनिटांनी एकदा मागवणं पुरेसं आहे. चढवल्यावर ते पान स्वतःच्या संगणकावर नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या फोनवर उघडून बघा, आणि टोंगाच्या ठिपक्यापासून तपासायला सुरुवात करा.